मादी : नरासारखीच

नर आणि मादी एका जातीचे नाहीत, असं ती मुलगी सांगत होती तेव्हा माझी सून पुष्पांजली कुकरखालचा गॅस बारीक करायला उठली होती आणि मोबाइल माझ्या हातात होता. मला मोबाइल धरता येत नाही. अंगठा कुठे तरी लागतो आणि समोरचं माणूस नाहीसं होतं. म्हणून मी तो दोन्ही तळहातांवर, प्रसाद घेतल्यासारखा धरला होता, आणि त्यात ती मुलगी दिसत होती. मागे काचेची कपाटं, कपाळावर दिव्याचा उजेड. मुटाले तिचं नाव. झांबियातल्या एका विद्यापीठात ती उडणाऱ्या बारीक माश्यांवर काम करते. माझ्या नवऱ्याच्या जुन्या लेखाचा माग काढत गेल्या दिवाळीपासून ती अधूनमधून फोन करते आणि मला ‘बामायो’ म्हणते. तिकडे आईच्या वयाच्या बाईला असं म्हणतात. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या या घरात तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कोणाला हाक मारली म्हणून. “बामायो, ऐकू येतंय ना?” ती इंग्रजीतून सावकाश बोलत होती. “आम्ही दोघांना वेगळं केलं. एकाच पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेजारी शेजारी डकवलेले होते. ओल दिली तेव्हा डिंक सुटला. मादीचा पंख तिच्या अंगाखाली दबलेला होता. तो आजवर कोणी पाहिलाच नव्हता.” मी म्हटलं, “मग?” ती म्हणाली, “नराच्या पंखाच्या पुढच्या शिरेत दोन खाचा आहेत. हिच्या शिरेत एकच. ही त्याच्या जातीची नाही, बामायो. त्याच्या कुळाचीही नाही.”

मला वाटतं मी हसले. निदान मोबाइलच्या कोपऱ्यात जी छोटी म्हातारी दिसत होती, तिचं तोंड हसल्यासारखं झालेलं मी पाहिलं. पहिला विचार आला तो असा, की हे आता ह्यांना कसं सांगायचं. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आतल्या खोलीत खुर्ची सरकवण्याचा आवाज येईल, चष्मा कपाळावर चढवून ते दारात येतील आणि विचारतील, कोणाचा फोन, असं क्षणभर इतकं खरं वाटलं की मी मोबाइल पदराखाली घेतला. आत ती मुलगी बोलतच होती. पदरातून तिचा आवाज पोटाशी लागत होता.

आम्ही दोघं झांबियात होतो ते सत्तरच्या दशकात. तिकडच्या सरकारला शाळांसाठी शिक्षक हवे होते, आणि आपल्याकडची पुष्कळ माणसं तेव्हा करारावर गेली. दवनीवाड्याच्या कटऱ्यांच्या घरातला प्राणिशास्त्र शिकलेला हा एकच मुलगा, ईश्वरदास, आणि त्याच्यामागून मी, चंद्रकांता, बीएस्सी झालेली, चित्रकलेचा हात बरा म्हणून त्याच शाळेत लागलेली. शाळा उत्तरेकडे, एका नदीजवळ होती. शनिवार-रविवार हे जाळं घेऊन नदीकाठच्या जंगलात जायचे. मोठं फुलपाखरू सापडलं तर सोडून द्यायचे. म्हणायचे, मोठ्या जिवांना नावं देऊन झालीत, आपल्यासारख्यांसाठी देवानं बारीक जीव ठेवलेत. असाच तो नर त्यांना मिळाला. तांदळाच्या कणीएवढा, करडा, पाठीवर दोन धुरकट पट्टे. मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली जितकं पाहिलंय तितकं कोणा माणसालाही पाहिलेलं नाही. एक डोळा नळीत आणि दुसरा कागदावर, अशी मी दुपारभर बसायची. डोक्याची रुंदी उंचीपेक्षा किती जास्त, डोळ्यांवरची लव, डोक्यावरच्या शृंगिकेच्या तिसऱ्या पेरावरून निघालेला आणि एकाच बाजूनं पिसारा फुटलेला तो केस, छातीवरचे राठ केस कोणते पुढे झुकलेले आणि कोणते मागे. हे मागे उभे राहून विचारायचे, मी पाहून सांगायची, ते लिहायचे. नळीतून डोळा काढला की खोली फार मोठी आणि ओबडधोबड वाटायची. ह्यांचा हातही तेव्हा मला अनोळखी दिसायचा. बोटांवरचे केस, नखांच्या कडा, सगळं मोजून घ्यावंसं वाटायचं.

तीन पानं भरून नराचं वर्णन छापून आलं, माझ्या आकृत्यांसह. आणि त्याच्याखाली मादीची एक ओळ. ‘मादी : नरासारखीच, आकाराने किंचित मोठी, उदर फिकट.’ यात ह्यांचं काही चुकलं असं नाही. हे शास्त्र तसंच लिहितात. आधी नराचं नखशिखांत वर्णन करायचं आणि मादीचा फक्त फरक तेवढा नोंदवायचा. जे सारखं ते पुन्हा कशाला लिहा. मी म्हटलं होतं, मी हिलाही काढते. हे म्हणाले, काही गरज नाही, सारखीच तर आहे. खरं म्हणजे सुट्टी संपत आली होती आणि माझीही मान धरली होती. मी तिला नळीखाली घेतलंच नाही. दोघांना एका पुठ्ठ्यावर डकवून, टाचणीला टोचून, परदेशातल्या संग्रहालयात पाठवलं. मी डबी बंद करताना त्यांच्याकडे बघून म्हटलं होतं, सुखानं नांदा.

“बामायो, तुम्ही आहात ना?” मी मोबाइल पदराबाहेर काढला. मुटालेचा चेहरा आता काळजीचा झाला होता. ती म्हणाली की त्या नराची खरी मादी तिला नदीकाठी मिळाली आहे, आणि ती खरोखरच नरासारखी आहे, दोन खाचांसकट. “पण ही कोण, ते मला कळत नाही. लेखात लिहिलंय, दोघं नदीकाठच्या जंगलात, लेखकालाच मिळाले. मी लागोपाठ पावसाळ्यांत तिथे फिरले. नर मिळतात, त्याच्या माद्या मिळतात. ही मिळत नाही. मी तिचं वर्णन नव्यानं लिहीन, सगळं, डोक्यापासून. पण ती राहते कुठे तेच ठाऊक नसेल तर मी नाव कोणाला देऊ? तुम्ही तेव्हा होता. काही आठवतं का?” मला तत्क्षणी आठवलं. आठवलं म्हणजे नाकाला आठवलं, आधी वास आला. आणि मी म्हणाले, “विचार करून सांगते.” मग अंगठा लागला आणि ती गेली.

पुष्पांजलीनं स्वयंपाकघरातून विचारलं, “आई, क्या हुआ, नेटवर्क गेलं का?” मी म्हटलं, हो. ताटात तांदूळ निवडायला घेतले होते ते पुढे ओढले आणि निवडू लागले, पण डोळ्यांना खडा आणि कणी यांतला फरक दिसेना. सगळे दाणे सारखेच होते. मला राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा देहाला बसलेला धक्का तेवढा होता, आणि तो थांबत नव्हता. इतकी वर्षं ती तिथे त्याच्या शेजारी चिकटून होती. काचेच्या कपाटात, अंधारात. कोणी कधी खण उघडला असेल, भिंग लावलं असेल, जोडपं बघून खण बंद केला असेल.

तेवढ्यात खाली मोपेड वाजली आणि तुलसीराम वर आले. माझे धाकटे दीर. वयानं सत्तरीपार, पण दवनीवाड्याहून गोंदियापर्यंत अजून स्वतः गाडी चालवत येतात आणि कोणी काही म्हटलं की म्हणतात, बैल हाकलले तशी हाकलतो. ते आले होते दादांचा फोटो न्यायला. गावच्या शाळेत विज्ञानाची खोली बांधली आहे, तिला ईश्वरदासांचं नाव द्यायचं ठरलंय आणि रविवारी कार्यक्रम आहे. हे सगळं तुलसीरामनंच घडवून आणलं. सरपंचाच्या मागे लागून, मास्तरांच्या मागे लागून. आणि याला कारण आहे. त्या माशीला नाव दिलंय ते तुलसीरामचं. हे शिकत राहिले आणि तुलसीरामनं सातवीतून नाव काढून नांगर धरला, म्हणून ह्यांनी लॅटिनच्या शेपटीसह भावाचं नाव त्या कणीएवढ्या जिवाला दिलं. गावात त्यांना माशीवाले पाटील म्हणतात. आधी चिडायचे, मग मिरवायला लागले.

“वयनी, मोनू पेंटरनं शाळेच्या भितीवर काय जोडी काढली म्हनता,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “म्हशीच्या हल्याएवढी एकेक. नराले तर मिशाच काढून ठेवल्या बेट्यानं. मी म्हटलं, अबे माशी आहे का ठानेदार आहे? तर म्हनते, काका, नर ओळखू यायले पायजे.” पुष्पांजली चहा घेऊन आली ती हसत हसत म्हणाली, “काकाजी, आणि मादीला काय, टिकली लावली का?” “लावली न बाई. लाल. मी पुसायले लावली, तर आता तिथं डाग दिसून राहिला.” दोघं हसले. मी ताटातले तांदूळ हलवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “का झालं? तब्येत बरोबर नाही का?”

मी सांगितलं. साध्या शब्दांत. ती जोडी नव्हती. नर तुमच्या नावाचा आहे आणि राहील, मादी दुसऱ्याच कुळातली निघाली. त्यांनी ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला, फुंकला. “मंग तिले आता नाव कायचं?” “अजून काही नाही.” “इतके साल माह्या नावावर होती न?” “होती.” “हं,” ते म्हणाले आणि चहा प्यायले. मग म्हणाले, “जाऊ द्या. नर तर आहे. माशीची जोडी फुटली म्हनून आपन काऊन तोंड पाडून राहिलो?” तेव्हा मी पुढचं सांगितलं, की ती मादी नदीकाठी सापडलेलीच नव्हती. ती मी पकडली होती, दुसरीकडे. ह्यांना मी त्याच संध्याकाळी तसं सांगितलंही होतं. त्यांनी छापताना नदीकाठ लिहिला.

बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. “म्हंजे दादानं खोटं लेहलं?” मी म्हटलं, “खोटं नाही. त्यांना वाटलं, ती वारा लागून नदीकाठाहून आली असेल. नर जिथला तिथलीच ती.” “मंग बरोबरच तर आहे,” तुलसीराम म्हणाले. “बाईचं गाव कोनतं? जे मानसाचं ते. तुमी काय आता माहेरचं गाव सांगता का कोनी इचारलं तं?” ते थट्टेनं म्हणाले नव्हते. अगदी सरळ, हिशेब जुळल्यासारखं म्हणाले, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण ह्यांचा आवाज हुबेहूब तसाच होता त्या संध्याकाळी. हातातली बाटली दिव्यासमोर धरून हे म्हणाले होते, “उडत आली असेल तिकडून.” आणि मी मान हलवली होती. मला ते तेव्हा पटलं होतं. आत्तापर्यंत पटलेलं होतं.

“वयनी, एक आयका,” तुलसीराम पुढे झुकले. आवाज उतरवला. “त्या पोरीले सांगू नका. रविवारी कार्यक्रम आहे म्हनून नाही म्हनत. पन एक गोष्ट चुकीची निघाली का मानसं बाकीचीबी उकरते. दादानं एवढंच तर केलं जिंदगीत. आन मी...” ते थांबले. हाताच्या तळव्यांकडे पाहिलं. “मी त्यासाठी चिखलात उभा होतो. मले काही दिसलं नाही कधी त्या नळीतून, पन मले मालूम होतं का तिकडे दादा पायते. ते खरं हाय, असंच समजून मी उभा होतो.” पुष्पांजली दारात उभी होती ती आत निघून गेली. त्यांच्या पायांच्या भेगा मला दिसत होत्या, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलानं आंबलेले ते पाय मी नवी नवरी होऊन आले तेव्हा कसे दिसायचे तेही. त्यांना दुखवायचं तर मला कारण हवं होतं, आणि कारण म्हणजे कणीएवढी एक माशी, जिला मी एकदा बाटलीत कोंडून मारलं होतं.

पण वास जाईना. आमच्या घरामागे उतारावर डबकी होती, बायकांनी खणलेली, झऱ्याचं पाणी झिरपून भरणारी. तिकडे कसावा नावाचा कंद खातात, रताळ्यासारखा, पण कडू आणि विषारी; तो पाण्यात भिजत घालून आंबवला की खाण्याजोगा होतो. त्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाक सोडून बाहेर आले होते. आपल्याकडे बोडीत, गावच्या छोट्या तळ्यात, अंबाडी सडवायला टाकतात, वाख काढण्यासाठी, आणि त्या काठावर जो आंबूस, कुजका, तरी पोटात खोलवर ओळखीचा वास येतो, अगदी तोच. हजारो कोसांवर. मी वासामागे गेले आणि तिथे बाना चंदा बसली होती. चंदाची आई म्हणून बाना चंदा. तिचं स्वतःचं नाव मी कधी विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं. ती भिजलेल्या कंदाची साल बोटांनी ओढून काढायची आणि मला शिकवायची, आणि आम्हांला एकमेकींचं एक वाक्य धड कळत नसे. ह्यांना मी तिथे बसलेलं आवडायचं नाही. मास्तरणीनं डबक्यावर बसू नये. तरी मी जायची. त्या सोललेल्या पांढऱ्या कंदावर त्या माश्या बसायच्या. नदीकाठचा नर मागच्या पायांवर दबून बसे, चटकन उडे. ह्या उडत नसत. चालायच्या. आडव्या, खेकड्यासारख्या, आणि मध्येच थांबून पोटाचं टोक कंदात खुपसायच्या. मी हे पाहिलं होतं. मी इतकं सगळं पाहिलं होतं, आणि एक बाटलीत घेऊन घरी आले तेव्हा ती जोडीची मादी झाली आणि मी पाहिलेलं सगळं जणू कोणी पाहिलंच नाही.

हे आत्ता, कुडव्यात, तांदळाच्या ताटावर बसून मला कळत होतं, आणि कळणं हेही धक्क्यासारखंच येत होतं, थांबून थांबून. मी खोटं बोलले नव्हते. कोणी मला खोटं बोलायला लावलं नव्हतं. ज्यांना मी सांगितलं त्यांनी ऐकूनही घेतलं होतं. तरी कागदावर ती राहते तिथे नव्हतीच. एक मुलगी पावसात जंगल तुडवत होती, जिथे ती कधीच नव्हती. मी तुलसीरामला म्हटलं, “भाऊजी, तुमच्या नराला काही होत नाही. तो नदीकाठचाच आहे. तुमच्या दादांनी पाहिलं ते खरं आहे.” ते म्हणाले, “आन जे नाही पायलं?” मी म्हटलं, “ते मी पाहिलंय.” त्यांनी मान वळवली, खिडकीकडे. जातो म्हणाले नाहीत. पुष्पांजलीला हाक मारून मी मोबाइल लावायला सांगितला.

मुटालेला मी सगळं सांगितलं. शाळेमागचा उतार, झरा, डबकी, भिजलेला कसावा, आडवं चालणं. नदीकाठ नव्हे. सापडली ती लेखकाला नव्हे, मला. ती लिहून घेत होती. मग तिचं लिहिणं थांबलं. मोबाइलमध्ये ती इतकी स्तब्ध झाली की मला वाटलं पुन्हा अंगठा लागला. “बामायो,” ती म्हणाली, “तो उतार मला माहीत आहे. मी त्याच शाळेत शिकले. म्हणून तर ही माशी निवडली.” मग तिनं वही बाजूला ठेवली. “माझी आई तिथेच कसावा भिजवते. आजही. लहानपणी माझं कामच ते होतं. तिच्या शेजारी बसून माश्या हाकलायच्या.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते नुसते फार उघडे होते, आणि माझेही तसेच असावेत. ती म्हणाली, “मी जंगलात जाताना रोज तिच्यावरून गेले.” मग घाईनं म्हणाली की आईजवळ फोन आहे, ती तिला लावते, आणि गेली.

पुष्पांजलीनं तुलसीरामना वाढलं, ते खाली मान घालून जेवले, भाजी चांगली झाली म्हणाले, फोटो पिशवीत घातला, तरी उठले नाहीत. मी समोर बसून होते. मग मोबाइल वाजला आणि पुष्पांजलीनं तो आम्हां दोघांच्या मधे धरला. “व्हिडिओ आलाय, आई.” चित्र हलत होतं. उन्हात पांढरं झालेलं पाणी, काठावर वळकटी करून ठेवलेलं चिरगूट, आणि एका म्हाताऱ्या बाईचा काळा, सुरकुतलेला, भिजून फुगलेला हात, साल ओढताना. कंद पांढराशुभ्र. त्यावर एक ठिपका होता. मग तो हलला. आडवा सरकला, थांबला, पुन्हा आडवा सरकला. मी आयुष्यभर ज्याला पाहत आले त्याच्यासारखा तो अजिबात नव्हता. कुठेच नव्हता. डोकं लांबट, पाठ सपाट, पंख अंगाला धरून नव्हे तर किंचित उघडे, आणि त्यांच्यावर दुपारच्या उन्हाचा जांभळा हिरवा रंग. साधी नजर होती तरी दिसत होतं. एकदा कोणी पाहिलं असतं तर दिसलं असतं.

“हेच का?” तुलसीराम पुढे वाकले. चष्मा पुसला, परत लावला. “हेच.” “एवढीशी?” मी म्हटलं, “एवढीशीच.” ते आणखी वाकले, इतके की त्यांचा श्वास काचेवर उमटला. ती कंदाच्या टोकाकडे आली, अगदी काठावर, आणि तुलसीरामचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी तिला हाकललं. मग हात तसाच हवेत राहिला, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले.